सर्व्हरची शस्त्रपूजा

बसा, बसा. चहा टाकलाय. तो येईपर्यंत माझ्या हातून झालेला एक घोळ ऐका. पण अट एकच. माझी बायको बाहेर आली की विषय बदलायचा. तिला काही माहीत नाही असं नाही, सगळं माहीत आहे! पण हा किस्सा निघाला की ती सलीमचं कौतुक सुरू करते, आणि मग माझ्या घशाखाली चहासुद्धा उतरत नाही.

हा सलीम कोण, ते आधी सांगतो. नाही, आधी मी कोण ते सांगतो. कारण सलीम येईपर्यंत त्या ऑफिसात मीच मी होतो!

गोंडपिपरी रोडवर वनखात्याचा सागवानाचा डेपो होता. त्याच्या ऑफिसात मी कारकून. फ्लॉपीचे दिवस ते. मोबाइल साहेबांकडेसुद्धा नव्हता. मी चंद्रपूरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि आख्ख्या ऑफिसात असा कोर्स केलेला एकटाच. त्यामुळे कॉम्प्युटरची खोली माझ्या ताब्यात. खोलीला एसी! आमच्याकडचा उन्हाळा तुम्ही काढलाय ना? रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. अशा गावात एसी दोनच, एक साहेबांच्या केबिनला आणि एक माझ्या खोलीला. म्हणजे तो मशीनसाठी होता, पण खाली बसायचो मी ना!

लोक दारात चपला काढायचे. "बोरकुटे भाऊ, येऊ का जी आत?" असं विचारायचे. काम काही नसायचं, गार हवा खायची असायची. मी स्क्रीनवरची नजर न काढता नुसती मान हलवायचो. आणि आमचा चपराशी गेडाम साहेबांच्या खालोखाल मला चहा आणायचा. बशीसकट! ऑफिसातल्या बाकीच्या बशा फुटल्या होत्या, दोनच उरल्या होत्या. एक साहेबांच्या कपाखाली, एक माझ्या. तुम्हाला ही फालतू गोष्ट वाटेल. नोकरीत माणूस असल्याच गोष्टींवर जगतो.

मग एक दिवस ट्रकमधून मोठी खोकी आली. सर्व्हर! त्याच्यासोबत डिस्कांचं एक वेगळं कपाट. जंगलाच्या सगळ्या रेंजमधलं लाकूड, त्याची लांबी, गोलाई, प्रत, लिलावाचे लॉट, सगळं आता याच्यात राहणार. आणि ते सांभाळायला कंत्राटावर आला सलीम शेख.

चंद्रपूरचा पोरगा. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. अंगानं काडी, खिशात पेचकस, आणि बोलणं असं मऊ की भांडायला जागाच नाही. मला तर पहिल्याच दिवशी राग आला. ज्याच्याशी भांडता येत नाही त्या माणसाचं करायचं काय?

त्यानं तासाभरात सगळं जोडलं आणि साहेबांना समजावून सांगायला लागला. आमचे साहेब तिकडे सांगलीचे. त्यांना मशीनचं फार वेड, पण कळायचं बेताचंच.

"साहेब, याच्यात सहा डिस्का हायेत. पण कॉम्प्युटरले मिळून एकच दिसते. हे मशीन एकेका फाइलचे तुकडे करते आणि सहाही जणींवर वाटून ठेवते. एखादी मेली तरी बाकीच्या मिळून तिचं काम सांभाळतात."

"आणि कुठला तुकडा कुणाकडे, हे कसं कळतं?"

"पहिला तुकडा कोणत्या खणात, दुसरा कोणत्या, ते मशीनच्या लक्षात राह्यते. त्यालेच कॉन्फिगरेशन म्हणतात साहेब. मशीन विसरली तर पंचाईत. म्हणून मी ते या फ्लॉपीवर सेव्ह करून ठेवलं. गरज पडली तर हिच्यावरून रिस्टोर करता येते."

साहेबांनी ती निळी फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली, आणि कुठे ठेवली सांगू? स्वतःच्या लोखंडी कपाटात, शिक्क्याच्या हातोड्याशेजारी! तोडलेल्या लाकडावर खात्याची निशाणी ठोकायचा हातोडा तो. चुकीच्या माणसाच्या हाती गेला तर चोरीचं लाकूडही सरकारी होऊन बसेल, म्हणून त्याला किल्लीकुलपात ठेवतात. माझं कोर्सचं सर्टिफिकेट इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये झुरळांसोबत, आणि या कालच्या पोराची फ्लॉपी थेट हातोड्याच्या मांडीला मांडी लावून!

जळलो. लपवायचं कशाला? आतून बाहेरून जळलो. एसीत बसून घाम आला.

त्यानंतर रोज काही ना काही. साहेबांची हाक यायची, "सलीमला पाठवा." प्रिंटर अडकला, सलीम. साहेबांच्या घड्याळाचा सेल संपला, तरी सलीम! आमच्या रेकॉर्डच्या मडावी बाई, जंगलातल्या गावच्या, फटकळ पण मायाळू, त्या चारोळी आणायच्या तेव्हा पहिली मूठ माझी असायची. आता म्हणायच्या, "थांबा भाऊ, सलीमसाठी काढून ठेवतो आधी. लेकरू जेवत नाई धड."

आणि एका दुपारी गेडाम चहा घेऊन आला. मी सवयीनं हात पुढे केला. नुसता कप! कान तुटलेला! बशी पलीकडे सलीमच्या कपाखाली.

"गेडाम, बशी कुठी गेली बे?"

"सलीमभाऊले देल्ली ना जी. त्यायचं काम बारीक राह्यते. चहा सांडला तं मशीन खराब होईल."

"अन् माझं काम काय जाडं हाय?"

"तुमचं काय भाऊ, तुमी तं टाइपच करता."

टाइपच करता! सांगा, माणसानं काय करावं?

मी घरी आलो, म्हटलं निदान इथे तरी शांतता. बायको शिलाई मशीनवर बसली होती. ते मशीन महिनाभर बंद होतं, मी रोज "उद्या पाहतो" म्हणत होतो. आता कसं पळत होतं!

"अवो, तुमच्या ऑफिसातले सलीमभाऊ आले होते. गेडामनं सांगतलं त्यायले. आले, उघडलं, तेल टाकलं, नीट करून देल्लं. चहाबी घ्याले तयार नव्हते. मी म्हटलं, असं कसं, अन् बशीत ओतून देला."

बशीत! माझ्या घरातसुद्धा बशीत! मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोला वाटलं अॅसिडिटी झाली.

अशात नवरात्र आलं. आता तुम्हाला आमच्या खात्यातली खंडेनवमी माहीत नसेल. सगळी हत्यारं बाहेर निघतात. करवती, कुऱ्हाडी, मापाच्या टेपा, गार्डांच्या बंदुका, आणि मधोमध साहेबांच्या हातचा तो शिक्क्याचा हातोडा. घासूनपुसून पाटांवर मांडायची, झेंडू, हळद, कुंकू. साहेबांच्या घरची मंडळी येतात. कोणत्या सेक्शनची पूजा सरस झाली यावर दिवाळीपर्यंत बोलणं चालतं. आणि एकदा हत्याराची पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्याला काम लावायचं नाही. त्याची ती विश्रांती. मी दरवर्षी कीबोर्डला हार घालायचो. कोणी बघायचंसुद्धा नाही.

त्या साली सलीमच्या बहिणीचा निकाह नेमका त्याच दिवसांत, मूल गावी, मामाच्या घरी. जाताना तो माझ्याकडे आला.

"भाऊ, मी चाललो. लिलावाच्या दिवशी येता नाई येणार. यादी तेवढी तुमी काढजा. काही लागलं तं हा मामाच्या राइस मिलचा फोन, भिंतीवर लिहून ठेवला. आणि एक सांगू का? पूजा करा, पण कपाटाले बाहेरूनच हार घाला. आतल्या डिस्काले हात नका लावू. तरी मी खडूनं नंबर टाकून ठेवले एकेकीवर."

मी बघितलं. खरंच, डेपोत लाकडांवर टाकतात तसे पांढऱ्या खडूनं त्यानं डिस्कांच्या डब्यांवर नंबर टाकले होते. मी वरवर म्हटलं, "जा रे बाबा बेफिकीर." आतून मात्र कढ आला. मला शिकवून राह्यला! माझ्या खोलीत, मला, माझ्याच पूजेबद्दल!

आणि तिथेच माझ्या डोक्यात ती कल्पना आली.

सगळे सेक्शन काय मांडतात? रोजची दिसणारी हत्यारं. मी काय मांडीन? जे कोणी कधी पाहिलंच नाही ते! कॉम्प्युटरचं काळीज! सहाच्या सहा डिस्का बाहेर काढून पाटावर! सलीम नसताना. बघू मग कोणाचं नाव होतं!

खंडेनवमीच्या सकाळी मी सर्व्हर बंद केला. एवढी अक्कल मला कोर्समध्ये शिकवली होती. मग कपाटाचं दार उघडलं. वरून पहिली डिस्क ओढली, सर्रकन हातात आली. ओल्या फडक्यानं पुसली. खडूचा नंबर पुसला गेला. पूजेतल्या वस्तूवर खडूचे ओरखडे शोभतात का? खरं सांगू, त्याचं अक्षर पुसताना बरं वाटलं. अनामिका कुंकवात बुडवली, डब्यावर टिळा ओढला, पाटावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. एकेक करत सहाही.

मग मांडणी. आधी रांगेत ठेवल्या, ते पंगतीसारखं दिसलं. मग अर्धगोल केला. मग दोन इकडे, दोन तिकडे, मधे कळसासारखी एकावर एक. झेंडूची फुलं भोवती. मागे समई. अहो, काय दिसत होतं ते!

पूजेला सगळे जमले. करवती पाहिल्या, बंदुका पाहिल्या, आणि माझ्या पाटापाशी येऊन साहेबांच्या मिसेस थबकल्याच.

"अगंबाई! कॉम्प्युटरच्या आत हे असं असतं होय?"

"होय बाईसाहेब. सगळ्या जंगलाचं मोजमाप याच्यात आहे," मी म्हटलं. आवाज जरा जड काढला होता.

"वा, बोरकुटे!" साहेब म्हणाले. "हे काढायला फार ज्ञान लागत असेल."

"तसं सोपं नाही साहेब. पण सवय आहे."

सवय आहे! जिभेला हाड असतं तर तिथेच मोडलं असतं. गेडामनं स्वतःहून मला प्रसाद पहिला दिला. मडावी बाईंनी मान डोलावली. मी त्या दिवशी जमिनीवर चाललोच नाही. सलीम तिकडे मूलला पाहुण्यांना पाणी देत असेल या विचारानं तर आणखीच गोड वाटलं.

संध्याकाळी मी डिस्का परत कपाटात बसवल्या. कशा? जशा हाताला आल्या तशा! सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. कोणती कुठे हे मला आठवलं का? सुचलंसुद्धा नाही. दार लावलं, बाहेरून हार घातला. मशीन सुरू मात्र केलं नाही, दसऱ्यापर्यंत विश्रांती. रीत म्हणजे रीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लिलाव. नागपूरचे, हैदराबादचे लाकूडवाले आदल्या संध्याकाळीच येऊन उतरलेले. लॉटची यादी सकाळी छापायची, कारण शेवटपर्यंत जंगलातून गाड्या येत राहायच्या. यादी नसेल तर लिलाव नाही. आणि लिलाव बुडाला तर साहेबांची एक ठरलेली धमकी होती, ती ते हसत हसत द्यायचे, "सिरोंच्याला पाठवीन." सिरोंचा म्हणजे आमच्या मुलखाचं शेवटचं टोक. तिथे गेलेला कारकून परत येईपर्यंत तेलुगू बोलायला लागतो. मी पूजेच्या दिवशीचा शिळा अभिमान अंगावर घेऊनच ऑफिसात आलो, नारळ फोडला आणि बटण दाबलं.

टीं टीं टीं टीं!

असा आवाज सुरू झाला की बाहेर झाडावरची माकडं पळाली. कपाटावर सगळे लाल दिवे. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी होतं, मी त्यातला मला कळणारा एकच शब्द वाचला. कॉन्फिगरेशन.

पण लगेच आठवलं, फ्लॉपी! सलीम काय म्हणाला होता? मशीन विसरली तर रिस्टोर करायचं. अरे, एवढंच ना! मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब डेपोत व्यापाऱ्यांसोबत फिरत होते, मी तिथे जाऊन किल्ली मागितली.

"काय झालं?"

"काही नाही साहेब. दसऱ्यानंतर एकदा रिस्टोर केलेलं बरं असतं."

असतं का बरं? काही बरं नसतं! पण मी एवढ्या ठसक्यात बोललो की साहेबांनी किल्ली दिली. हातोड्याशेजारून फ्लॉपी उचलली, मशीनमध्ये घातली, रिस्टोर. मशीननं कुरकुर केली, आणि एकेक करून सहाही दिवे हिरवे! आवाज बंद! मी खुर्चीत मागे रेललो. म्हटलं, हेच का ते सलीमचं मोठं ज्ञान? हे तर गेडामनंही केलं असतं. बशी परत आलीच समजा!

मग मी लॉटची यादी उघडायला गेलो.

मशीननं विचारलं, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता करू का?

मी परत उघडली. परत तोच प्रश्न. आता करू का? मशीन इतकं अदबीनं विचारतंय, तर नाही कसं म्हणायचं? माझं बोट "होय"वर गेलं. तेवढ्यात मडावी बाई यादी न्यायला दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय विचारून राह्यली ती मशीन?"

"फॉरमॅट करू का म्हणते."

"म्हणजे काय करते?"

"म्हणजे सगळं साफ करते, अन् मग नवीन..."

"अन् तुमी हो म्हणून राह्यले? आपल्या लाकडाची यादी कुठी राह्यते मग?"

माझं बोट हवेतच राहिलं. हो म्हटलं असतं तर? सगळं जंगल एका बोटात गेलं असतं!

आता एकच रस्ता होता. भिंतीवरचा तो नंबर. मी त्याच्याकडे पाहिलं, नजर वळवली, परत पाहिलं. सलीमला फोन करायचा? त्याच्याकडे मदत मागायची? पूजेला दोन दिवस होतात न होतात तोच? मडावी बाई म्हणाल्या, "लावता का मी लावू?" तेव्हा मी दार घट्ट लोटून घेतलं आणि फोन फिरवला.

तिकडे राइस मिल सुरू. अशी घरघर की कानाला काही लागेना. मामांनी सलीमला बोलावून आणेपर्यंत माझा अर्धा जीव गेला.

"हालो! सलीम! मी बोरकुटे!"

"काय भाऊ? जोरात बोला! मिल चालू हाय!"

"डिस्का! डिस्का बिघडल्या! फ्लॉपी रिस्टोर केली, तरी फॉरमॅट करू का म्हणते!"

"कशा काय? हात लावला का?"

मी दाराकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हटलं, "पूजेसाठी काढल्या होत्या."

"काय? ऐकू नाई येऊन राह्यलं!"

"पूजेसाठी काढल्या होत्या!" मी ओरडलो.



"बरं. मग परत नंबरानं लावल्या ना? खडूचे नंबर होते."

"पुसले!"

"काय?"

"पुसले! नंबर पुसले! मीच पुसले!"

"काऊन?"

आता काऊनला काय उत्तर देणार? तुझ्यावर जळतो म्हणून, हे गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगायचं? मी म्हटलं, "शोभत नव्हते!"

सलीम रागावला नाही. तेवढं तरी करायचं ना त्यानं! तो शांतपणे ओरडला, म्हणजे ओरडत होता पण शांत होता, "भाऊ, आधी मशीन बंद करा. कशालेच हो म्हणू नका. फ्लॉपीत कोणता खण कितवा तेवढंच राह्यते. खणात कोण बसली ते फ्लॉपीले थोडी दिसते! तिनं रिस्टोर केलं, पण तुमी माणसंच बदलली. तुकडे उलटसुलट जुळून राह्यले. डिस्का पहिल्यासारख्या लावल्या पाह्यजे. काढतांनी कशा काढल्या?"

"वरून खाली!"

"मग टिळे कधी लावले? सगळ्या काढल्यावर का एकेकीले?"

"एकेकीले! काढली, पुसली, टिळा, मग दुसरी!"

"कुंकू दरवेळी बोटाले नवं घेतलं का?"

मी आठवलं. घाईत होतो. बोट एकदाच बुडवलं होतं. त्याच बोटानं सहाही ओढले.

"एकदाच!"

"मग झालं ना भाऊ! पाहा जरा. सगळ्यात जाड टिळा ती पहिली. फिका होत होत गेला असंल. सगळ्यात फिका ती शेवटची. तसं लावा, अन् मग फ्लॉपी रिस्टोर करा."

बघा! पूजा माझी, कुंकू माझं, बोट माझं, आणि अक्कल कोणाची? सलीमची! त्या क्षणी सिरोंचा समोर दिसत होतं, तरीसुद्धा मी जळलो. इतका की आभार मानायचे विसरलो. फोन ठेवल्यावर बहिणीच्या निकाहाचं विचारायचं राहिलं हे आठवलं.

मशीन बंद केलं, सहाही डिस्का टेबलावर मांडल्या. पहिली स्पष्ट होती, टिळा ओघळून खाली आलेला. शेवटच्या डिस्कवर नुसती गुलाबी सावली. पण मधल्या? मी चष्मा लावला, काढला, खिडकीपाशी नेल्या. मडावी बाई केव्हाच आत आल्या होत्या.

"सरका. मी पाहतो. आमच्यात असे टिळे नाई ओढत, पण रंग तं दिसते ना मले." त्यांनी दोन उचलल्या. "ही दुसरी. ही पाचवी. ह्या दोघी मात्र सारख्याच हायेत जी."

तिसरी आणि चौथी! जुळ्या बहिणी! म्हणजे आता नशिबावर. मी एक वर घातली, एक खाली. फ्लॉपी, रिस्टोर, दिवे हिरवे. यादी उघडली. फॉरमॅट करू का?

"नको! नको ना बापा!" मी मशीनला हात जोडले. बाहेर व्यापाऱ्यांच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले होते. साहेबांचा आवाज येत होता, "बोरकुटे, यादी!" मी बंद केलं, दोघींची अदलाबदल केली, परत फ्लॉपी, परत रिस्टोर. मला घरचे सगळे देव आठवले, ज्यांना कधी नमस्कार केला नव्हता तेही. आणि यादी उघडली. पहिला लॉट, लांबी, गोलाई, प्रत. सगळं जागेवर!

प्रिंटर कर्रकर्र करायला लागला तेव्हा मी खुर्चीत बसून खरंच रडलो. मडावी बाईंनी पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "रडू नका, कागद भिजंल."

लिलाव झाला, झकास झाला. दोन दिवसांनी सलीम लग्नाची मिठाई घेऊन आला. मी वाटच बघत होतो, आता हा साहेबांना सांगणार, आता माझी बदली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सलीम, त्या दिवशी म्हणे काही रिस्टोर करावं लागलं?"

सलीम म्हणाला, "हो साहेब. बोरकुटे भाऊंनी केलं, एकट्यानं. मले फक्त फोनवर विचारून घेतलं."

अरे, हा माणूस आहे का कोण आहे? चुगली कर की! माझ्यावर उपकार कशाला करतोस? आता तुझ्यावर जळायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस!

साहेब खूश झाले. "वा, बोरकुटे! मिसेस अजून तुमच्या पूजेचं नाव काढतात. आता असं करायचं, दरवर्षी खंडेनवमीला या सहाही डिस्का तुम्हीच काढायच्या, पाहुण्यांसमोर, आणि पाहुण्यांसमोरच परत बसवायच्या. वरच्या ऑफिसातल्या लोकांनाही बोलावू!"

मला वाटलं, बक्षीस मिळालं. घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा. ती हसली. का हसली ते तेव्हा कळलं नाही.

पुढची खंडेनवमी आली. वरच्या ऑफिसचे साहेब आले, त्यांच्या मिसेस आल्या, खुर्च्या मांडल्या. मी कपाटाचं दार उघडलं, पहिली डिस्क काढली, कुंकवात बोट बुडवलं. आणि कुंकवाची वाटी धरून उभा असलेला गेडाम भर सभेत म्हणतो, "भाऊ, बोट एकदाच बुडवजा हो. नाई तं परत कोणती पहिली, कोणती शेवटची, समजणार नाई."

सगळं ऑफिस खो खो हसायला लागलं! गार्ड, मडावी बाई, साहेबांच्या मिसेस, आणि सगळ्यात जोरात साहेब! अगदी डोळे पुसत!

मी गेडामकडे वळलो. "तुले कोणं सांगतलं बे?"

"सांगाले काऊन पाह्यजे? तुमी फोनवर ओरडून राह्यले होते ना जी. 'पुसले! मीच पुसले!' आमी सारेच दाराशी उभे होतो. साहेब बी."

साहेब बी! म्हणजे ती शाबासकी, ते "दरवर्षी तुम्हीच काढायच्या", ते पाहुणे... मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "सिरोंच्याला पाठवण्यापेक्षा हे बरं वाटलं, बोरकुटे. हं, चालू द्या."

मी दुसरी डिस्क काढली. समोर पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी सलीम बसला होता, तो डोळ्यांनीच मला धीर देत होता. तेवढ्यात गेडाम चहा घेऊन आला. मी आशेनं बघितलं. आज तरी? पूजा मी करतोय, हसं माझं झालंय, आज तरी?

माझ्या पुढ्यात त्यानं कान तुटलेला कप ठेवला. बशी सलीमकडे गेली.